उजवं फूल

माझ्या बोलण्यात एका वाघाचे तीन वाघ होतात, हे मुरबाडच्या बाजारात कुणालाही विचारा. मी पकडलेला मासा तर दर वर्षी हातभर वाढतो. म्हणून ही हकिगत लिहिताना धाकधूक वाटते. पण इतर गोष्टींत मी भर घालतो. हिच्यातून मात्र थोडं काढूनच सांगतोय, कारण सगळं आठवायची मलाच भीती वाटते.

गेल्या हिवाळ्यात मी वाळत चाललो होतो. पॅन्ट दोरीनं बांधायची वेळ आली. कुणी विचारलं की मी सांगे, रोज माळशेज चढून उतरतो. त्यात शहापूरच्या दवाखान्यात साखर वाढलेली निघाली. मग एक दिवस तिथल्या सिस्टरनी बोलावून घेतलं. त्यांच्याकडे नवा कॉम्प्युटर प्रोग्राम आला होता. हजारो लोकांचे जुने रिपोर्ट वाचून तो कुणाच्या अंगात काय दडलं असेल याचा अंदाज बांधायचा. माझ्या नावापुढे त्यानं लाल खूण केली होती.

"काका, साखर अचानक चढली नि वजन उतरलं, हा मेळ त्याला बरा दिसत नाय. स्वादुपिंडात गाठ असू शकते. खात्री नाय, पण स्कॅन करून घ्या."

"मला काय दुखत नाय गो."

"दुखायला लागल्यावर उशीर होतो, काका."

घरी बायको म्हणाली, "जा की. पयल्यांदाच कुणीतरी तुमचं न ऐकता तुमच्याबद्दल बोललंय." मी हसलो, पण स्कॅनची भीती वाटत होती. म्हणून मी देवीआईच्या कौलावर टाकलं.

डोंगरावर आमच्या आईची शेंदूर लावलेली शिळा आहे. तिच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर जाऊ नको. मी उजवं फूल उंबराच्या चिकानं घट्ट बसवलं, डावं नुसतं टेकवलं. मग हात जोडून भोळ्या चेहऱ्यानं बसलो. फोन पायथ्याशी, स्कूटरच्या डिकीत कुलपात होता.

डावं पडेना. वाऱ्यानं माझी टोपी उडाली, ते हललं नाही. ऊन कललं. मग वारा थांबला, पाखरं गप्प झाली, इतकी की माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा वाटला. आणि चिकानं बसवलेलं उजवं फूल माझ्या मांडीवर आलं. पडलं म्हणवत नाही. कुणी हातानं उचलून ठेवावं तसं आलं. मी मागं न बघता डोंगर उतरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहापूरला गेलो. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं आलात. काल दुपारी फोन केला तो काकींनी उचलला."

"मी कुठं?" बायको म्हणाली. "फोन ह्यांच्याकडं होता."

"मग कोण म्हातारी बाई होती? म्हणाली, बसलाय माझ्यापुढं, पाठवते."

डिकीची किल्ली तेव्हा माझ्या करगोट्याला होती.

गाठ निघाली, वाटाण्याएवढी. मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढली नि म्हणाले, असली गाठ विरळा, आणि इतक्या लवकर सापडणं त्याहून विरळा. मी त्या प्रोग्रामपुढे, सिस्टरपुढे आणि आईपुढे सारखेच हात जोडतो. कुणी कुणाकडून काम करून घेतलं, ते विचारत नाही.

अजूनही मी डोंगर चढतो, कौल लावतो. आता दोन्ही फुलं नुसत्या पाण्यात भिजवतो, आणि जे पडेल ते खिशात घालून खाली येतो.