जीपचं इंजिन आम्ही दोघांनी बांधलं

पक्षाघातानंतर माझ्या नवऱ्याचा उजवा हात लुळा पडला आणि पावस गावातल्या बागेतली आमची जुनी जीप मांगराच्या छपराखाली उभीच राहिली. तिचं इंजिन तेल खायचं, चढावर धूर ओकायचं. आजवर तिची सगळी दुरुस्ती त्यांनीच केली होती. आता ते खुर्चीत बसून तिच्याकडे नुसते बघत राहायचे.

एका सकाळी मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी उघडते."

"नट कुठल्या बाजूला फिरतो ते तरी माहीत आहे?"

"नाही. म्हणून तर तुम्ही सांगायचं."

पुष्कळ दिवसांनी ते हसले.

शेजाऱ्यांना बोलावून इंजिन साखळीने खाली उतरवलं. लेथवाल्याकडून सिलिंडर थोडे मोठे करून आणले आणि त्यांत बसतील असे नवे पिस्टन घेतले. पिस्टनवर रिंग चढवताना पहिलीच माझ्या हातून मोडली. आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, तर म्हणाले, "शिकताना मीही मोडल्यात. दुसरी घे."

पावसाळा सरता सरता इंजिन परत जागेवर बसलं. मी किल्ली फिरवली. आधी नुसतंच घरघरलं, मग धडधडत सुरू झालं. डावा हात बॉनेटवर ठेवून ते कान देऊन ऐकत होते. मी उतरायला लागले, तर तेच माझ्या बाजूच्या सीटवर चढून बसले.

"उतरतेस कुठे? क्लच दाब."

"अहो, मला गाडी कुठे येते!"

"इंजिन तरी कुठे येत होतं?"

त्या दिवशी मी जेमतेम बागेच्या दगडी गडग्यापर्यंत गेले. आता रत्नागिरीच्या वाटेवरल्या चढावरही ते मला गिअर सांगत नाहीत, खिडकीबाहेर बघत निवांत बसतात.