तळघराच्या तोंडाशी नाक

नाकतात्या जातिवंत गवंडी. भिंती त्यानं शेकडो उभ्या केल्या, पण गल्लीत नाव झालं ते नाकाचं. हिवाळा तोंडावर आला की परसातले बटाटे, बीट, गाजरं घरोघरच्या तळघरात वाळूखाली जायची. थर लागत असताना तात्या कंबरेवर हात ठेवून दम भरायचा, "धुवायचं नाही, मातीसकट ठेवा! पाला खुडा. कुदळ लागलेलं आजच शिजवा. एक नासकं सगळ्या राशीला घेऊन बुडतं."

पुढं दर महिन्याला तो घरोघर जाई. फळी उचलून तळघराच्या तोंडाशी वाके आणि हुंगे. "उतरा" म्हणाला की बाई उतरायची. "थांबा" म्हणाला की फळी दिवसभर उघडी. कोंडल्या जागी बटाटा सडला की तिथली हवाच माणूस मारते. शेजारच्या सुताराचा बाप तसाच गेला होता, हातात बीट धरून.

यंदा तापानं तात्याचा वास गेला. आधी चहा गरम पाण्यासारखा लागला, मग तंबाखू मातीसारखी. गेलाय तसा येईल, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि घरोघर जातच राहिला. वाकायचा, दोनदा श्वास ओढायचा, "उतरा." त्यात थंडी हाडं फोडणारी. लोकांनी तळघराच्या हवेच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. तात्याचं नाक असताना भोकं कशाला?

आज दुपारी सुनेनं घरची फळी उचलली.

"मामंजी, हुंगा लवकर. चुलीवर आधण ठेवलंय."

तात्या वाकला. गारवा लागला, बाकी काही नाही.

"उतर."

"तोंड कसं केलंय बघा! नाकानं कांदे सोलताय जणू."

"उतर गं, वटवट नको."

ती टोपली घेऊन खाली गेली. थोड्या वेळानं आवाज आला, "अगं बाई, बटाट्यात बोट जातंय! सगळ्याचं पाणी झालंय."

"वर ये!"

"थांबा हो, गाजरं तेवढी..."

वाक्य तिथंच राहिलं. टोपली पडली.

तात्यानं शिडीवर पाय टाकला आणि मागं घेतला. दारात जाऊन सुताराच्या नावानं ओरडला. सुतार धावत आला. बाप गमावलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. कमरेला दोरी बांधून, श्वास कोंडून उतरला आणि तिला खांद्यावर टाकून वर घेऊन आला. ओठ राखेसारखे. ती ओकली, तेव्हा कळलं की जिवंत आहे.

"मामंजी," ती पुटपुटली, "तुम्हाला वास नाही आला?"

"मला दारातच आला," सुतार धापा टाकत म्हणाला. "तात्या, तुम्ही तर तळघराच्या तोंडाशीच वाकला असाल."

तात्यानं जमिनीकडं बघितलं. "महिना झाला. कशाचाच येत नाही."

सुताराचा चेहरा उतरला. "सकाळी तुम्ही आमच्याकडं 'उतरा' म्हणालात."

दोरी न सोडताच तो पळाला. तात्या त्याच्यामागं. सुताराच्या स्वयंपाकघरात पातेलं उतू जात होतं. तळघराची फळी भिंतीला टेकवलेली होती, आणि कडेला त्याच्या बायकोच्या चपला नीट जोडून काढून ठेवलेल्या.