चेअरमनमामांचा बोर्ड

गळ्यात हार पडला की आमचे मामा तो स्वतःच्या हाताने कधी काढत नसत. उद्घाटन असो, वाढदिवस असो, हार घालूनच घरी यायचे, तसेच जेवायला बसायचे. मग मामी म्हणायची, "अवो, आमटीत पाकळ्या पडाय लागल्या की!" तेव्हा कुठे मान वाकवून तिच्याकडून काढून घ्यायचे. गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन. मी सख्खी भाची, पण मीसुद्धा त्यांना चेअरमनमामाच म्हणायचे. माणूस जिवाला जीव देणारा. पण त्या मिरवण्याची मला मनापासून किळस यायची, आणि आता ते गेले म्हणून मी ती लपवणार नाही.

एक हार गळ्यात, तर दुसरा गाडीला. पांढऱ्या गाडीच्या तोंडावर लालभडक बोर्ड, त्यावर सोनेरी अक्षरात 'चेअरमन'. एवढा थोरला की पुढची जाळी पुरती झाकलेली. "बोर्ड हाय म्हणून मान हाय," मामा म्हणत. "लग्नाच्या मांडवात गाडी आधी दिसती, माणूस मागनं." येईल तो कार्यकर्ता बंपरपुढे नारळ फोडणार, पाणी बोर्डावर ओतणार, गुलाल उधळणार. झेंडूच्या पाकळ्या बोर्डाच्या मागे घरंगळायच्या आणि तिथेच कुजायच्या. शी! तो आंबूस वास अजून नाकातून गेलेला नाही.

आणि या गाडीचा एसी लावला की गरम वारा यायचा. काचा उघडाव्यात तर बाहेर उन्हाच्या झळा, बंद कराव्यात तर तो वास. ड्रायव्हर कंटाळून पळाला. मामांना गाडी येत नव्हती, म्हणून दर रविवारी मी कोल्हापुरातून जाऊन ती चालवायचे, कारण मामीला गडहिंग्लजला न्यायचं असायचं. तिची आई तिथे अंथरुणाला खिळली होती. मामीला मुळातच गाडी लागायची. त्यात तो उकाडा आणि तो वास. बिचारी मांडीवर पिशवी धरून बसायची आणि पोचेपर्यंत पार गळून जायची. मग आईच्या शेजारच्या खाटेवर डोळे मिटून पडायची ती परत निघायची वेळ होईपर्यंत. म्हातारीचे दिवस भरत आलेले, आणि लेक येऊनही तिला भेटत नव्हती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मेकॅनिक सगळे मामांच्या ओळखीचे. एकेकाने गॅस भरला आणि हात जोडून सांगितलं, "झालं साहेब, आता बर्फ पडंल!" बर्फ कसला पडतोय, कप्पाळ! बोर्डाबद्दल बोलायची एकाचीही छाती झाली नाही. शेवटी एका नवख्या पोरगेल्याशा मेकॅनिकने बोर्डावर टिचकी मारली. "गॅस हाय, कॉम्प्रेसर हाय. ह्येच्या मागं कंडेन्सर हाय, त्येला वाराच मिळंना. तापून बंद पडतोय. बोर्ड काढा."

"बोर्ड निघायचा न्हाय," मामा म्हणाले. "दुसरं काय तरी काढ."

मामी गाडीतच बसली होती. तिने पदराने वारा घेतला. मला मात्र त्या क्षणी मामांचं तोंडसुद्धा बघू नये असं वाटलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी गडहिंग्लजहून मामीच्या भावाचा फोन आला. आईनं खाणं सोडलंय, लगेच या. भर उन्हात निघालो. कागलच्या पुढे मामीने खूण केली, मी गाडी थांबवली. ओकून झाल्यावर तिने चूळ भरली, तोंड पुसलं, आणि गाडीत न बसता रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"काय गं, कुणाची वाट बघतीस?" मामा.

"एसटीची. तुम्ही या तुमच्या बोर्डासंगं."

"चेअरमनची बायको एसटीत? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणूद्यात. मला माझ्या आईला डोळं उघडं ठिवून बघायचंय, एकदा तरी."

लांबून एसटी दिसायला लागली. मामीने खरोखरच हात वर केला. तसे मामा उतरले आणि डिकीतून पाना काढून गाडीपुढे उकिडवे बसले. एसटी थांबली, मामीने तिला हातानेच जा म्हणून सांगितलं. बोर्ड निघाला आणि मागची घाण दिसली. पाकळ्या, गुलाल, नारळाचं पाणी, किडे, सगळ्यांचा मिळून काळा लगदा, आणि त्यात वाळून चप्पट झालेला एक बेडूक. मामांनी नाकाला रुमाल लावला.

"एवढी घाण?"

"तुमचा मान आहे तो, मामा," मी म्हणाले.

तोच रुमाल हाताला गुंडाळून त्यांनी सगळं खरवडून काढलं, वर पिण्याचं पाणी ओतलं. थोड्या वेळाने गाडीत गार वारा यायला लागला आणि मामीला झोप लागली. मामा माझ्या शेजारी बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते; अक्षरं मात्र काचेकडे, बाहेरच्यांना दिसतील अशी. हसावं की डोकं आपटून घ्यावं!

त्या दिवशी मामी स्वतःच्या पायांनी उतरली. आईला चमच्याने पेज भरवली, संध्याकाळपर्यंत दोघी बोलत होत्या. त्याच आठवड्यात म्हातारी गेली. बोर्ड माळ्यावर गेला तो परत गाडीला लागला नाही. का, ते मामांनी सांगितलं नाही. वर "बघ, गॅस न भरता बी गार हाय की," असं मलाच ऐकवायचे, जणू शोध त्यांनीच लावला होता.

यंदा मामा गेले. अंगणात माणसं मावेनात. हारांचा ढीग पडला आणि पुन्हा तोच वास सुटला. कुणीतरी माळ्यावरून बोर्ड काढला, पुसला आणि शववाहिकेच्या तोंडावर सुतळीने बांधायला घेतला. मला संताप आला, मी पुढे झाले. तेवढ्यात मामी उंबऱ्यात आली.

"काढा त्यो बोर्ड," ती म्हणाली. "आत उकडंल त्यास्नी."