तीन विभाग, एक फ्रीज आणि आक्काचा ताप

विद्यापीठाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तिथल्या लोकांना वाटेल आपल्यावर काहीतरी छापून आलंय, आणि ते कात्रण कापून फाइलीला लावतील. बहात्तरचा दुष्काळ उलटून तीन-चार वर्षं झाली होती आणि मी तिथे क्षेत्र सहाय्यक म्हणून चिकटलो होतो. क्षेत्र सहाय्यक म्हणजे ज्या गावाबद्दल साहेब लोक खुर्चीत बसून बोलतात, त्या गावाला एसटीने जाऊन येणारा माणूस.

त्या वर्षी कुलगुरू परदेशातून एक कल्पना घेऊन आले. तिकडे म्हणे वेगवेगळ्या विषयांचे लोक एका टेबलाशी बसून माणसाच्या आरोग्यावर संशोधन करतात. त्यासाठी आधी थोडे पैसे द्यायचे, त्यातून काही उगवलं तर दिल्लीकडे मोठे पैसे मागायचे. या थोड्या पैशांना बीजभांडवल म्हणायचं. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. अट एकच, किमान तीन विभागांनी मिळून काम करायचं.

ही अट कळल्यावर, जे विभाग एकमेकांचा चहासुद्धा पीत नव्हते ते गळ्यात गळे घालायला लागले. पशुवैद्यक, गृहविज्ञान आणि विस्तार, म्हणजे शोध शेतकऱ्यांपर्यंत पोचवणारा विभाग. विषय मात्र खरा निघाला, कारण तो तिघांपैकी एकाही प्रमुखाने काढलेला नव्हता. पशुवैद्यकात एक तरुण व्याख्याता होता. परभणी जिल्ह्यातल्या गावांत गायी गाभडत होत्या, दिवस भरायच्या आधीच वासरू टाकत होत्या. ज्या घरातली गाय गाभडते त्याच घरातल्या माणसांना महिनोन्‌महिने जाऊन-येऊन ताप येतो, हे त्याने फिरताना पाहिलं होतं. डॉक्टर त्याला हिवताप म्हणायचे आणि कडू गोळ्या द्यायचे. ताप हटायचा नाही. गायीचा रोग आणि माणसाचा ताप एकच आहे का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी गायीचं रक्त हवं होतं आणि माणसाचं.

ताडकळसला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, वर्षभर हाच ताप होता. दिवेलागणीला अंग तापायचं, सांधे ठणकायचे, पहाटे घामाने लुगडं भिजायचं, आणि सकाळी ती उठून उभी राहायची. त्यांची तांबडी गाय गाभडली तेव्हा गोठा आक्कानेच हातांनी साफ केला होता. सासू म्हणायची, "हिचा ताप बी लय शाना हाय. कामाच्या टायमालाच येतो." सासरे माणूस सरळ, पण त्यांनाही सून ढोंगी वाटायला लागली होती. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर माहेरी नेऊन घालू, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. आणि आक्काचं माहेर म्हणजे कोण, तर मी आणि माझी भाड्याची खोली. आईवडील दोघंही आधीच गेले होते.

त्यामुळे या संशोधनाकडे माझ्याइतक्या आशेने दुसरं कोणी बघत नसेल.

पहिली बैठक प्रकल्पाच्या नावात तीन विभागांचा क्रम कसा लावायचा यावर झाली. दुसरी, आजारी माणसाला काय म्हणायचं यावर. पशुवैद्यकाचे प्रमुख म्हणाले केस, गृहविज्ञानाच्या बाई म्हणाल्या गृहिणी, विस्ताराचे प्रमुख म्हणाले लाभार्थी. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. ताप आलेल्या बाईला लाभार्थी म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढे बरेच पाहिले.

तिसऱ्या बैठकीत फ्रीज ठरला. रक्त गार ठेवायला फ्रीज लागतो, हे बरोबर. पण तो ठेवायचा कुठे? एकाच्या खोलीत ठेवला तर तो त्याच्याच मालकीचा होणार, ही भीती दुसऱ्या दोघांना. शेवटी तो व्हरांड्यात ठेवला. व्हरांड्यात वीज नव्हती, म्हणून विस्तार विभागाच्या खिडकीतून वायर ओढली. मग विस्तारवाल्यांनी त्यात आपली पाण्याची बाटली ठेवली. ते बघून गृहविज्ञानाने कुलूप लावलं. त्या कुलपावर पशुवैद्यकाने कुलूप लावलं, आणि ज्यांची वीज होती त्यांनी तिसरं. लोहाराला बोलावून फ्रीजला पट्ट्या ठोकून घेतल्या होत्या. अनुदान फ्रीज, फलक, उद्‌घाटनाचे हार आणि या लोहारात गेलं. बीज पेरून झालं होतं, आता उगवायची वाट बघायची होती.

मी आणि तो व्याख्याता गावोगाव हिंडलो. ताडकळस, पोखर्णी, पार राणीसावरगावपर्यंत. व्याख्याता गायींचं रक्त काढायचा आणि दवाखान्यातला कंपाउंडर माणसांचं. लोक हात पुढे करायला कुरकुरायचे. एक म्हातारा म्हणाला, "रगत घेता, पर निकाल दावता का?" मी छातीठोकपणे म्हणालो, दाखवू की. आक्काचंही रक्त घेतलं. तिने डोळे मिटले नाहीत की तोंड फिरवलं नाही. "नीट बघाय सांग रं त्येंला," एवढंच म्हणाली.

बाटल्या आणल्या तर तीन किल्ल्या एकाच दिवशी एका जागी असण्याचा योगच येईना. एक प्रमुख चर्चासत्राला, बाई रजेवर, तिसऱ्यांची किल्ली त्यांच्या शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला. गायींचं रक्त व्याख्यात्याने आपल्या प्रयोगशाळेच्या जुन्या पेटीत बर्फ घालून वाचवलं आणि तपासलंही; आक्काच्या घरच्या तांबड्या गायीत रोग निघाला. माणसांच्या बाटल्यांचा मात्र प्रश्न निघाला. पशुवैद्यकाचे प्रमुख म्हणाले, माणूस आमच्या विषयात बसत नाही. गृहविज्ञानाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे आहार येतो, रक्त येत नाही. विस्ताराचे प्रमुख म्हणाले, निकाल द्या, आम्ही तो लोकांपर्यंत पोचवू. प्रमुखांच्या हुकमाशिवाय व्याख्याता त्या बाटल्यांना हात लावू शकत नव्हता. त्या फ्रीजच्या डोक्यावर ठेवल्या होत्या, कारण आत ठेवता येत नव्हत्या. ऑक्टोबरच्या उन्हात रक्त नासलं, वास सुटला, आणि शिपायाने ते उकिरड्यावर ओतलं. त्यात माझ्या बहिणीचंही होतं. मला त्या तिघांचा भयंकर राग आला. पण नोकरी त्यांच्याच हातात होती, म्हणून मी रोज हजेरीपटावर सही करत राहिलो.

दिवाळी झाली आणि एका सोमवारी मामा, म्हणजे आक्काचे सासरे, तिला घेऊन माझ्या खोलीवर आले. आक्काच्या हातात तिची लोखंडी ट्रंक होती. मामा उंबऱ्यातच उभे राहिले. जयभीम घातला आणि म्हणाले, "पाव्हणं, लय दिवस वाट बघिटली. तुमच्या इद्यापीठाला दावा, न्हाईतर हितंच ठिवून घ्या. आमाला बी मानसं बोलायलेत." चहासुद्धा न घेता ते परतीच्या बसला गेले. आक्का ट्रंकेवर बसली. ती रडली नाही. अंग तापलेलं होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन सरळ पशुवैद्यकाच्या प्रमुखांच्या खोलीत गेलो. व्याख्याता तिथेच उभा होता. प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, आमच्याकडे फक्त जनावरं तपासतात."

आक्काने पदर सावरला. "मग मला जनावरात धरा, सायेब," ती म्हणाली. "पर तपासा."

प्रमुख हसले. विनोद म्हणून हसले. मग म्हणाले, तशी तरतूद नाही, आणि पुढच्या बैठकीला निघून गेले. बैठक कसली, तर तीन विभागांच्या सहकार्याचा आढावा घेण्याची.

व्याख्याता हसला नव्हता. त्याने दार लोटलं, आक्काच्या दंडाला रबर बांधून रक्त काढलं आणि एक कार्ड पुढे ओढलं. तपासणीचं औषध मोजून मिळायचं, आणि कार्डावर जनावर नसेल तर औषध मिळत नसे. त्याने लिहिलं: गाय, गावरान, रंग तांबडा. मालकाच्या रकान्यात माझं नाव घातलं. मला लाज वाटली, पण आक्का म्हणाली, "लिव्हा, लिव्हा. सासरी तरी काय येगळं लिव्हलं असतं?"

पांढऱ्या फरशीवर रक्त गोठल्यावर सुटलेल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी औषधाचा एक थेंब. काडीने ढवळलं आणि बघता बघता त्या थेंबात दाणे धरले. दाणे धरले म्हणजे रोग आहे. त्या औषधाला बाई आणि गाय यांतला फरक कळत नव्हता, म्हणून ते आमच्या तिन्ही प्रमुखांपेक्षा शहाणं होतं. व्याख्यात्याने नियमाप्रमाणे कार्डावर शेवटची ओळ लिहिली: कळपापासून वेगळी ठेवावी. आणि ते वाचून त्याने मान खाली घातली.

दवाखान्यातल्या डॉक्टरकडे तो स्वतः आमच्याबरोबर आला आणि कानात सांगितलं. डॉक्टर शहाणा होता, कार्ड मागितलं नाही. कित्येक आठवडे गोळ्या आणि इंजेक्शनं घ्यायची, आणि पुरी विश्रांती, असं म्हणाला. विश्रांती म्हटल्यावर मी म्हणालो, आक्का, इथेच राहा. ती म्हणाली, "न्हाई. ट्रंक घिऊन आले तशी ट्रंक घिऊन जाईन. ताप खरा हाय, ह्ये मला त्येंच्या तोंडून ऐकायचंय."

प्रकल्पाचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. अहवालात गायींच्या आकड्यात आक्काही मोजली गेली. तीन विभागांच्या सहकार्याचा उत्तम नमुना म्हणून त्याची वाखाणणी झाली आणि दुसऱ्या टप्प्याला मोठे पैसे आले. त्यातून दुसरा फ्रीज आणला. एक ना धड, भाराभर चिंध्या, पण चिंध्यांना आता वातानुकूलित खोली मिळाली.

मी आक्काला घेऊन ताडकळसला गेलो. मामा गोठ्यात वैरण टाकत होते, सासू दारात होती. ताप, जंतू, औषध असं मी घोकून गेलो होतो, पण मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. मग मी चिडून म्हणालो, "मामा, तुमची तांबडी गाय गाभडली ना, तिला जो रोग होता तोच आक्काला झालाय. तिच्यापासूनच झालाय."

मामांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. गाय त्यांना कळत होती. त्यांनी आक्काकडे बघितलं, वर्षभरात पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

"आसं पहिलंच सांगायचं की, पाव्हणं," ते म्हणाले. "दुखनाईत जनावराला आमी कामाला लावतो व्हय?"

आक्का क्षणभर उभी राहिली, मग ट्रंक अंगणातच ठेवून दारातल्या सासूच्या बाजूने आत गेली, वाकळ अंथरली आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.