फोटो ठेवायचे कुठे

गेल्या वर्षी माझा फोन भरला. साधा ओटीपी आला तरी वर पट्टी दिसायची, 'जागा शिल्लक नाही'.

बंगळुरूहून मुलगी म्हणाली, "आई, क्लाउडवर टाक. फोन हरवला तरी फोटो राहतात." धाकटे दीर ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. ते म्हणाले, "वहिनी, आपले फोटो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कशाला? हार्ड डिस्क घ्या, कपाटात ठेवा." मला दोघांचंही पटायचं. पण इथे माझ्या घरी येऊन करून देतो, असं त्यांतलं कुणी म्हणत नव्हतं.

शेवटी मुलीचं ऐकलं. फोनवरून ती सांगत गेली, मी बटणं दाबत गेले. दोन दिवसांनी 'बॅकअप पूर्ण' आलं. मी खूश होऊन जुने फोटो निवडले आणि सगळे डिलीट केले. मग क्लाउडवर बघितलं, तर तिथेही नाहीत.

लगेच मुलीला फोन लावला.

"अगं, त्या अ‍ॅपमधून डिलीट केलं की दोन्हीकडचं जातं. जागा मोकळी करायचं बटण वेगळं असतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई."

"नाही सांगितलंस!" मी इतकी ओरडले की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या.

फोटो अ‍ॅपच्या कचरापेटीत सापडले. परत आणले, पण विश्वास उडाला तो उडालाच.

मग दिरांना बोलावलं. रविवारी ते लॅपटॉप आणि डिस्क घेऊन आले. पहिली केबल निघाली नुसती चार्जिंगची. दुसरी आणली, तर कॉपी अर्ध्यातच थांबायची. तिसऱ्या खेपेला चालू झालं, तसे ते फोटो बघत बसले.

"वहिनी, यात दादाचा चेहराच नाही, नुसती पाठ. असे पुष्कळ आहेत. काढून टाकू? जागा वाचेल."

"हात लावू नका त्यांना!"

माझा आवाज नको तितका चढला. माझ्या नवऱ्याला फोटो काढून घेणं आवडत नसे. मोबाइल दिसला की तोंड फिरवायचे. म्हणून मी मागूनच काढायचे. कुंड्यांना पाणी घालताना, पेपर वाचताना, बाजारात मेथीची जुडी निवडताना. शेवटच्या दोन वर्षांतले त्यांचे दुसरे फोटोच नाहीत.

दिरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा ठेवला. कॉपी संपेपर्यंत आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसून होतो.

डिस्क त्यांनी ओझरला नेली. एक प्रत दुसऱ्या घरात असावी म्हणून. क्लाउडही ठेवलंय. मुलीशी मी आठवडाभर धड बोलले नाही. नंतर तिने जागा मोकळी करायचं ते बटण दाखवलं, मी वहीत लिहून घेतलं. पण अजून दाबायची हिंमत झालेली नाही. रोज आलेले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पुसते आणि वेळ मारून नेते.