दोघींसाठी सारखी झबली

माझ्या मोठ्या जावेला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले, आणि पुढच्या महिन्यात मलाही. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन पारनेर तालुक्यात, राळेगणच्या अलीकडच्या एका गावात आले. घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊ आणि आम्ही दोघं. थोडी शेती, गोठ्यात गाई. जावेला मी अक्का म्हणायचे. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते. चुलत्यांनी लग्न लावून दिलं आणि विषय संपवला. त्यामुळे माहेर असं तिला नव्हतंच.

अक्का गावातल्या बायकांची ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक शिवायची. गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की तिला बोलावणं यायचं नाही. आलंच तर ती मागे भिंतीला टेकून बसायची आणि ओटी भरायच्या वेळी काहीतरी काम काढून उठायची. हे मी स्वतः पाहिलं होतं.

तिला तिसरा महिना लागला तसं तिनं आपल्या दोन जुन्या सुती साड्या काढल्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्यांची झबली कापायला बसली तशी सासूबाई गोठ्यातून आल्या.

"लेकरू हातात येऊ दे आधी. आधीच कपडे शिवू नये बाई. आमी न्हाई कधी शिवले."

अक्का त्यांना कधी उलटून बोलायची नाही. त्या दिवशी मात्र कापडावरून मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, लोकांच्या लेकरांचं शिवत आले इतकी वर्षं. आता माझ्या लेकराचं शिवू द्या की."

सासूबाई पुटपुटत आत गेल्या. अक्कानं प्रत्येक कपडा जोडीनं शिवला. एक तिच्या बाळाला, एक माझ्या. झबली, लंगोट, दुपटी, कानावर येणारी कुंची. झबल्याची शिवण तिनं बाहेरच्या बाजूला ठेवली होती. मला वाटलं चुकून उलटं शिवलं. ती हसली. "अगं, आतून शिवण आली की बाळाला टोचती. त्याला सांगता येतंय व्हय?"

मला शिवता येत नव्हतं, पण विणता यायचं. नगरच्या कापड बाजारातून मी पिवळी लोकर आणली आणि दोन टोपडी आणि दोन स्वेटर विणले. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. तिच्या मांडीवर शिवण, माझ्या हातात सुया. ती फार बोलायची नाही. मध्येच हात थांबवून पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "फिरलं बघ." मीही माझ्या पोटावर हात ठेवायचे. मला अजून काही कळत नसायचं.

सातव्या महिन्यात आई मला सावेडीला घेऊन गेली. निघताना अक्कानं माझ्या वाटणीचे कपडे घडी करून पिशवीत घातले. तिची पिशवीही तयारच होती, दवाखान्यात न्यायची.

त्यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नंतर अक्कानं आणि माझ्या नवऱ्यानं सांगितलं ते असं. नववा लागल्यावर एका सकाळी अक्का सासूबाईंना म्हणाली, "बाळ हलंना झालंय." सासूबाई म्हणाल्या, "शेवटाला लेकरू गपच असतंय. जागा कुठं राहती त्याला?" अक्का दिवसभर डाव्या कुशीवर पडून राहिली. गूळ खाल्ला, गार पाणी प्यायली. दीर मळ्यात होते. ते आल्यावर तिनं त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी गाडी करून तिला नगरला आणलं. डॉक्टरांनी पोटावर मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि अक्काला सोडून बाकीच्यांना बाहेर बोलावलं.

कळा आणून तिला मोकळं करावं लागलं. मुलगा होता.

दवाखाना आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता, पण मला जाऊ दिलं नाही. पोटुशी बाईनं असलं बघू नये म्हणाले. आई डबा घेऊन गेली. ती परत आली तेव्हा डबा भरलेलाच होता. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "तू जेवून घे." तिथं काय झालं ते तिनं मला माझं बाळंतपण होईपर्यंत सांगितलं नाही.

अक्कानं आईचा हात धरला होता. "काकू, त्या पिशवीत झबलं हाय. त्याला घालायला सांगा कुणाला तरी. बाहेर थंडी हाय."

आई लगेच बाहेर गेली. सासूबाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळाला दवाखान्याच्याच एका फडक्यात गुंडाळून दीर आणि माझा नवरा केव्हाच गावाकडे निघाले होते. मळ्याच्या कडेला त्यांनी त्याला पुरलं. आई आत आली आणि अक्काला म्हणाली, "घातलं हं." दुसरं काय म्हणणार होती?

मला मुलगी झाली. चांगली रडली, चांगली प्यायली. मला आनंद झाला आणि तो कुणाला दाखवावा ते कळेना. आईनं बाजारातून तयार कपडे आणले. अक्कानं शिवलेले तिनं घडी न मोडता कपाटात तळाशी ठेवले. "हे घालून तिच्यासमोर कशी जाशील?" ती म्हणाली. मलाही ते पटलं.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी गावी आले. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्का स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? चहा ठिवते." माझ्या हातातल्या बाळाकडे तिनं पाहिलं नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की तिला पाहूच देत नव्हते. बाळाला न्हाऊ घालायचं झालं की सासूबाई तिला गोठ्यात पाठवायच्या. बारसं झालं त्या दिवशी ती दिवसभर मागच्या पडवीत भांडी घासत होती. मला सासूबाईंनी हळूच सांगितलं, "तिची नजर लागंल. तिच्या मनात काय असंल कुणाला ठावं?" मी नवऱ्याला म्हटलं, हे बरोबर नाही. तो म्हणाला, "आईशी कोण वाद घालणार?"

एकदा सासूबाई पारनेरला लग्नाला गेल्या होत्या. मी अंघोळीला गेले आणि बाळ रडायला लागलं. मी घाईघाईनं बाहेर आले तर अक्कानं तिला खांद्यावर घेतलं होतं. तिनं एका हातानं फ्रॉकची कॉलर उलटून पाहिली. मानेवर लाल वळ उठले होते.

"काय घातलंयस हे? केवढं टोचतंय तिला. मी शिवलेली कुठं हायेत?"

"आहेत," मी म्हटलं.

"मंग?"

ती मी आईला न सांगता सोबत आणली होती; पिशवीच्या तळातून एक झबलं काढलं. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, फ्रॉक काढला, झबल्याचे बंद बांधले. ते तोवर आखूड झालं होतं, पोट उघडं पडत होतं. तिनं ते दोनदा खाली ओढलं. मग बाळाकडे बघत विचारलं, "माझ्या पिशवीतली कुठं गेली? मी सगळं घर हुडकलं."

मला माहीत होतं. नवऱ्यानं सांगितलं होतं. अक्का दवाखान्यात असतानाच सासूबाईंनी ती पिशवी अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली होती. कपडे, कुंची, मी विणलेला स्वेटर, सगळं. मी तिला खरं ते सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, "तुझी आई म्हनली, घातलं."

मी खाली पडलेला फ्रॉक उचलून घडी करू लागले.

"मला तवाच कळलं हुतं. काकूंनी माझ्याकडं बघितलंच न्हाई." तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि चुलीवरचं दूध उतरवायला आत गेली.

सासूबाई परतल्यावर मी त्यांना सांगितलं की अक्काला कळलं आहे. मला वाटलं त्या चिडतील. त्या गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, "माझी दोन गेली. एकाचं तोंड बघितलं, एकाचं न्हाई. बघितलं ते अजून डोळ्यापुढनं जात न्हाई. म्हनून म्या जाळली कापडं. तिला काई दिसू नये म्हनून." मग पुन्हा शेंगा मोडू लागल्या. अक्काला मात्र त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मी सांगायला गेले तर अक्कानं ऐकून घेतलं नाही.

त्या उन्हाळ्यात दिरांनी सुप्याला एका कंपनीत काम धरलं आणि दोघं तिकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेले. भांडण झालं नाही. टेम्पोत सामान भरलं, अक्कानं सासूबाईंच्या पाया पडून निरोप घेतला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. पुढे सणासुदीला दीर एकटेच यायचे. तिला पुन्हा दिवस राहिले नाहीत. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा ती येऊन राहिली, त्यांचं सगळं केलं, पण दोघी कामापुरतंच बोलायच्या. त्या गेल्या तेव्हा अक्का रडली की नाही, मला आठवत नाही.

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर मला पुन्हा दिवस राहिले. अक्काला फोन कसा करावा ते मला सुचेना, म्हणून मी तो टाळत राहिले. शेवटी तिचाच आला. दिरांनी सांगितलं असावं.

"कितवा?" तिनं विचारलं.

"सहावा."

"बरं. हलंना झालं की थांबायचं न्हाई. कुनी काई म्हनू दे. गाडी न्हाई मिळाली तर रस्त्यावर उभी ऱ्हा, पन जा."

मी बरं म्हटलं. त्यानंतर रोज सकाळी, दिरांचा डबा भरून झाला की तिचा फोन यायचा. कशी आहेस, जेवलीस का, असं काही नाही. "हलतंय का?" एवढंच. मी हो म्हणायचे आणि ती फोन ठेवायची. मुलगा झाला त्या दिवसापर्यंत हे चाललं. नंतर तिचा फोन आला नाही. मी केला की ती उचलते, मुलांची चौकशी करते, आणि कधी येणार विचारलं की म्हणते, "बघू."