जवळच्या माणसाचा नंबर

जिंतूरच्या बसस्टँडवर आबांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर त्यांचाच मोबाइल नंबर. "आबा, पाठ आहे मला," मी म्हटलं. "तुला काही झालं तर दुसऱ्याला कुठं पाठ ऱ्हाणार?" ते म्हणाले. आई डोळे पुसत होती आणि मला मात्र कधी एकदा गाडी सुटते असं झालं होतं. आज ते आठवलं की माझाच मला राग येतो.

भाईंदरला जेसल पार्कात दोन मुलींबरोबर खोली घेतली. घरमालक, कंपनी, बँक, ज्याच्या त्याच्या फॉर्मवर एक चौकोन असायचाच: जवळच्या माणसाचा नंबर. मी आबांचा लिहायचे. घरमालकीण म्हणाली, "इधर का कोई नहीं है क्या?" नव्हतं कोणी. त्या दिवशी मी जेवले नाही.

गावाकडून तुम्ही सारखं विचारता, हॉस्पिटलात नक्की काय करतेस? नर्स नाही बाबांनो, डॉक्टर तर नाहीच. पेशंटनं स्वतःच बोट लावून नाव नोंदवायचं अशी मशीन्स आता बसवतात. ती तिथल्या स्टाफला शिकवायची, हे माझं काम. म्हणजे माझ्या जन्माआधीपासून जे नोकरीत आहेत, त्यांना मी शहाणपण शिकवायचं. तुमच्यापैकीही जे गाव सोडून निघालेत, त्यांना ही नजर ठाऊक असेल: ही कोण आली कालची?

फिलोमावशींची नजर तशीच होती. त्या भाईंदरपलीकडच्या उत्तन गावच्या, केसपेपरच्या खिडकीत उभी हयात गेलेली. मशीन सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच घोळ निघाला. एकाच मोबाइल नंबरावर पेशंटांचा ढीग. मशीनशेजारी मदतीला मावशीच असायच्या. मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं, बाईंना जमत नाही, कायतरी नंबर टाकतायत, सोमवारपासून त्यांना स्टोअरमध्ये बसवू. खरं सांगते, मीही मान डोलावली.

मग सहज तो नंबर लावून पाहिला. फोन वाजला मावशींच्या पर्समध्ये.

"माझ्या वाटेवरच्या राई-मुर्धा गावांतनं म्हाताऱ्या येतात," मावशी म्हणाल्या. "फोन न्हाय त्यांच्याकडं. तुझं मशीन नंबराशिवाय पुढं जात न्हाय. मग काय परत पाठवू? तपासणीच्या तारखेचा मेसेज माझ्याकडं येतो. घरी जाताना बसमधून उतरते, ज्याचा त्याला सांगते, मागची बस पकडते."

मला इतकी लाज वाटली. मी साहेबांकडे गेले. "चूक मावशींची नाही, आमच्या मशीनची आहे. फोनच नसलेला माणूस आम्ही धरलाच नव्हता," असं तोंडावर सांगितलं. कंपनीकडून बोलणी खाल्ली, पण मशीनच्या पडद्यावरचे प्रश्न बदलून घेतले. आता मशीन विचारतं: तुमच्याकडे फोन आहे का? नाही म्हटलं की पुढे विचारतं: निरोप कोणाला देऊ? मावशींची खुर्ची मशीनशेजारी कायमची आली. नव्या मुलींना त्याच शिकवतात, "आधी पेशंटला बसव, मग बोट लाव."

गेल्या महिन्यात मला ताप भरला आणि त्याच मशीनपुढे मी पेशंट म्हणून उभी राहिले. जवळच्या माणसाच्या चौकोनात आबांचा नंबर टाकायला लागले, तर मावशींनी माझा हात बाजूला केला, आकडे पुसले आणि स्वतःचा टाकला.

"बापाला यायला दिवस लागंल. मी हाय ना इकडं."

मी रडले, ते काही तापामुळे नाही.

आबांची चिठ्ठी अजून पर्समध्ये आहे. तिच्यावर खाली मावशींचा नंबर लिहिलाय. घर कुठं, असं कोणी विचारलं की हल्ली मला ही चिठ्ठीच आठवते.

मावशींनी नंबर टाकला त्याच रात्री आबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटेल अशी धाकधूक होती. ते म्हणाले, "सावकाश सांग तो नंबर. मी पाठ करतो."